पाटीवर उरेल तेवढंच

आमच्या घरातली जाऊन वर्ष उलटलं. वर्षश्राद्धाला वळसंगहून तिच्या माहेरची चार माणसं आली होती. जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता तिचा चुलतभाऊ म्हणाला, "दाजी, ते चन्नाप्पा मास्तर कुटं असत्यात आता?"

मी म्हटलं, "मेला असंल की. तवाच म्हातारा होता."

त्याच्या हातातला अडकित्ता थांबला. मी काही वाईट बोललो असं मला वाटलं नाही. श्राद्ध हिचं आणि चौकशी त्याची. हिच्या माहेरी आजसुद्धा माझ्याआधी त्याचं नाव निघतं. बोलून चालून जावई मी, आणि तो कोण? पोस्टाच्या पडवीत माझ्या शेजारी बसणारा एक कागद लिहिणारा.

पण माणसं गेल्यावर घर मोकळं झालं, तिची चूल तशीच बंद, आणि मी बसून त्याचाच विचार करत राहिलो. म्हणून लिहितो. त्याला तोंडावर मी 'तुम्ही' म्हणायचो, मनात कधी म्हटलं नाही. आता या वयात खोटं कशाला? 'तो'च लिहितो.

मी शिकलेला नाही. मराठी तिसरी पास, चौथीत बसलो आणि उठलो. पुढं गिरणीत साच्यावर लागलो. डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली तशी गिरणी सुटली. उजवा हात शाबूत होता आणि अक्षर लहानपणापासून वळणदार. तेव्हा पोस्टाच्या पडवीत पोतं टाकून बसलो. खेड्यापाड्यातनं गिरणीत आलेली माणसं, भवानी पेठेतले विणकर, बाजाराला आलेल्या बाया, ज्याला लिहिता येत नाही तो आमच्याकडं यायचा. पत्र, अर्ज, मनिऑर्डर, काय म्हणाल ते. ही पंचवीस सालच्या आगेमागेची गोष्ट.

माझा मायना नावाजलेला होता. मायना म्हणजे पत्राच्या डोक्यावरचा मानपानाचा मजकूर. 'तीर्थरूप, वडील, सकळगुणसंपन्न, अखंडितलक्ष्मीअलंकृत यांचे चरणी बालके साष्टांग नमस्कार विनंती विशेष.' असा अर्धा कागद मायन्यातच जायचा. ऐकताना माणूस खूश व्हायचा. आपल्या बापाला कुणीतरी एवढं मोठं म्हणतंय, हे त्याला आवडायचं. दोन कागदांखाली मी पत्र सोडत नसे.

अशात एक दिवस चन्नाप्पा आला. अक्कलकोटाकडचा, घरची भाषा कानडी. कुठल्याशा खेड्यात मास्तर होता, ते सोडून आलेला. थोराड अंग, कपाळाला विभूती, काळा कोट आणि कोटाच्या उजव्या बाहीला कोपरापर्यंत पांढरी पूड. त्यानं माझ्या शेजारी घोंगडीची घडी टाकली आणि पिशवीतनं काय काढलं, तर पाटी! शाळेतली, लाकडी चौकटीची. शेजारी पाण्याचं टमरेल आणि त्यात भिजवलेलं फडकं.

मी म्हटलं, "मास्तर, शाळा भरवताय काय?"

तो म्हणाला, "व्हय. तू पण बस की."

त्याची रीत अशी होती. माणूस आला की त्याला बसवायचा, म्हणायचा, सांग. माणूस सांगायचा ते सगळं पाटीवर लिहायचा, पाटीच्या दोन्ही बाजूंना. मग दोन गोष्टी विचारायचा. "कोण वाचणार? आणि वाचून त्यानं काय करायचं?" हे कळलं की एकेक ओळ वाचायचा आणि माणसाच्या तोंडाकडं बघून विचारायचा, "बेकु की बेडा?" म्हणजे कानडीत, हवं की नको. बेडा म्हटलं की फडकं फिरलं. पुसत पुसत जायचा. शेवटी तीन-चार ओळी उरायच्या. तेव्हा पेन्सिल खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "साकु." पुरे. उरलेलं तेवढं कार्डावर उतरायचं.

एवढ्यावरही त्याचं भागायचं नाही. पडवीच्या कडेला हुसेनबी केळी विकायची. तिला हाक मारून वाचून दाखवायचा. "हुसेनबी, काय कळलं?" तिनं बरोबर सांगितलं तर ठीक. नाहीतर ती केळीवरच्या माश्या वारत म्हणायची, "मेरेकू कुछ समज में नै आया मास्तर," की हा पुन्हा पाटी पुसायला बसला. मी म्हटलं, "केळीवालीला काय कळतंय कलेक्टरच्या अर्जातलं?" तर म्हणतो, "तिला कळलं तर कलेक्टरला कळतंय. कलेक्टर काय तिच्यापेक्षा हुशार हाय?"

त्याचं मराठी धड नव्हतं. 'पत्र आली', 'बाई गेला', असं बोलायचा. मला वाटलं, महिनाभरात उठेल. कोण येणार असल्याकडं? कागद घ्यायचा तर भरलेला घ्यावा की.

पण भवानी पेठेतल्या नळाचं झालं. विणकरांच्या एका गल्लीतला सरकारी नळ बंद पडला होता. त्यांचा म्हातारा नरसय्या माझ्याकडनं दोन अर्ज लिहून घेऊन गेला. चार चार पानी. 'मायबाप सरकार, आपण गरिबांचे कल्पवृक्ष' इथनं सुरुवात. नळ येईपर्यंत तिसरं पान लागायचं. म्युनिसिपालटीतनं हूं की चूं नाही. तिसऱ्यांदा आला तो मला ओलांडून पलीकडं बसला. चन्नाप्पानं उतरवलं ते मला आजही पाठ आहे. 'आमच्या गल्लीतला नळ तीन आठवडे बंद आहे. पाण्याविना सूत भिजत नाही, माग बंद आहेत. मिस्त्री पाठवावा. दाखवायला नरसय्या रोज सकाळी नळापाशी उभा राहील.' झालं. चौथ्या दिवशी मिस्त्री आला, आणि नरसय्या खरंच तिथं उभा होता.

जाता जाता म्हातारा मला म्हणाला, "रंगय्या, नळाला पाणी नव्हतं. सगळं तुझ्या अर्जात होतं."

पडवी हसली. हुसेनबी सगळ्यांत मोठ्यानं. चन्नाप्पा हसला नाही, ते तर मला जास्तच लागलं.

मी मनाची समजूत घातली की हा नुसता कंजूष आहे, शब्दांचा. आखडतं लिहायला काय अक्कल लागते? पण तसंही नव्हतं. शुक्रवार पेठेतली सोनाबाई आली तेव्हा मी नीट बघितलं. तिचा पोरगा हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात लागला होता, दोन वर्षं फिरकला नव्हता. सोनाबाई बसली आणि शिव्याच सुरू केल्या. "लिवा, मुडद्या, तुज्या तोंडात माती पडली, तुजं तंगडं मोडलं, बायकोच्या पदराखाली बसलास व्हय रं..." चन्नाप्पा सगळं लिहितोय. पाटी भरली, उलटली, भरली. बाई रडली, नाक पुसलं, गप्प झाली. मग हा पुसायला लागला. तंगडं बेडा, माती बेडा, बायको तर बेडाच.

"लहानपणापासनं हाक कशी मारते त्याला?"

"मुडद्याच म्हणती. अजून काय म्हणू?"

"मग ते बेकु."

आणि कार्डावर गेलं, 'मुडद्या, दिवाळीला घरी ये. मला बरं आहे. तुझी आई.'

मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, कार्डावर शिवी? चिरंजीव तरी घाला."

"चिरंजीव वाचला तर त्याला वाटंल वकिलाची पत्र आली. मुडद्या वाचला की आईचा आवाज येतंय."

दिवाळीला पोरगा आला. बायकोला घेऊन आला. सोनाबाईनं फराळाचं ताट आणलं, ते माझ्या नाकासमोरनं पलीकडं गेलं. चन्नाप्पानं त्यातली एक करंजी मला दिली. खाल्ली मी. गोड लागली नाही.

आता घरचं सांगतो. त्याशिवाय हे पुरं होत नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. एकदा माझी बहीण आणि तिच्या घरची माणसं जेवायला होती. दिवसभर पडवीत गिऱ्हाईक नाही, सगळी पलीकडं, मी आधीच तापलेला. बायकोनं, गौरानं, भाकरी वाढली. मी ताट सरकवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "ही काय भाकरी हाय? अडाणी ती अडाणीच. जा, बापाकडं जाऊन शिकून ये." भाकरीत काही नव्हतं. भाकरी रोजच्यासारखीच होती. गौरानं ताट उचलून ठेवलं. सकाळी भांडी घासून पालथी घातली, लुगडी बांधली आणि बाजाराच्या गाडीनं वळसंगला गेली.

मला वाटलं, येईल आठ दिवसांत. महिना गेला. मी पत्र लिहिलं. माझा धंदाच तो. दोन कागद लिहिले. पतिव्रतेचा धर्म, नवरा म्हणजे काय, स्त्रीची शोभा कशात, आमच्या घराण्याचा लौकिक. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, अडीच कागद. तिसरं लिहिलं. वळसंगचा एक माणूस बाजारात भेटला, त्यानं सांगितलं की तिथला शाळामास्तर माझी पत्रं देवळापुढच्या कट्ट्यावर वाचतो आणि माणसं हरदासाच्या कीर्तनासारखी ऐकायला जमतात. "लई भारी लिवता राव," म्हणाला. "म्हातारी माणसं तर मागनं पुन्ना वाचायला सांगत्यात."

चौथा महिना लागला. सासऱ्याचा निरोप आला, की पोरीचं मन नाही, आता पत्रं पाठवू नका. मी हाबकलो. घरात गेलं की पालथी भांडी. शेवटी एका दुपारी पडवीत गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा घोंगडीच्या कडेला जाऊन बसलो. दुसऱ्याची पत्रं लिहून पोट भरणारा मी, आणि स्वतःच्या बायकोच्या पत्रासाठी शेजाऱ्यापुढं बसलेलो. पण बसलो.

घरात काय झालं ते पडवीला ठाऊकच होतं. चन्नाप्पानं पाटी घेतली. मी चौथं पत्र लिहूनच नेलं होतं, ते वाचून दाखवलं. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "कोण वाचणार?"

"तिला येत नाही वाचायला. शाळामास्तर वाचतो. कट्ट्यावर."

"मग ऐकणार किती माणसं?"

"असतील पंधरा-वीस."

"अडाणी म्हटला तेव्हा किती होती?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"बरं. वाचून तिनं काय करायचं?"

"यायचं. आणखी काय?"

त्यानं पाटी माझ्यापुढं धरली. "ह्यात 'ये' कुटं हाय दाखव."

मी शोधलं. खोटं सांगत नाही, दोन्ही बाजू शोधल्या. पतिव्रता होती, कुळशील होतं, सीता होती, दमयंती होती. 'ये' नव्हतं. चार पत्रांत मिळून नव्हतं.

मग फडकं फिरायला लागलं. सीता बेडा. दमयंती बेडा. "घराण्याचा लौकिक, बेकु?" मी म्हटलं बेकु. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुसला. मला राग आला. म्हटलं, "सगळंच पुसता मास्तर, मग काय लिहू? चूक माझी होती, तिच्या भाकरीची नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक झालंय, तेच कट्ट्यावर वाचायला लावू काय?"

तो थांबला. पाटी पार कोरी केली, कोपऱ्यांसकट. तिच्यावर लिहिलं आणि माझ्या मांडीवर ठेवली.

'चूक माझी होती. तुझ्या भाकरीची नव्हती. ये.'

"साकु," म्हणाला. "ह्यात एक अक्षर जास्त घालू नको. पाटीवर हाय तेवढंच उतरव."

इथं एक गोष्ट लिहितो, जी मी गौरालाही कधी सांगितली नाही. मी कार्ड घेतलं, टाक बुडवला आणि वरती हात थांबला. पाटीवर श्री नव्हतं. श्रीशिवाय पत्र कोण लिहितो, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्या कार्डाच्या डोक्यावर श्री नाही, खाली क्षेमकुशल नाही, ते मरणाचं कार्ड. मला दिसलं होतं. पण मी असा ईर्ष्येला पेटलो होतो, की म्हटलं, एक अक्षर जास्त नको काय? नाही घालत. तुझंच खरं. होऊ दे काय व्हायचं ते. आणि कोऱ्या डोक्याचं कार्ड पेटीत टाकलं.

पुढचं नंतर कळलं. शाळामास्तरानं कार्ड उलटंपालटं केलं, वरती बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. ज्या माणसाचा मायनाच अर्धा कागद असायचा, त्याच्या तीन ओळी, आणि श्री नाही. त्यानं वाचलं. माझा सासरा म्हणाला, "शेवटचं लिवलंय पोरानं." सासूनं तिथंच गळा काढला.

दुसऱ्या दिवशी दुपार टळताना मी उंबऱ्यात बसून शेंगा खात होतो. गाडी दारात उभी राहिली. आत सासू, सासरा, हिचे दोन चुलते आणि गौरा. सासूबाई रडत उतरल्या, मला बघितलं आणि रडता रडता थांबल्या. सासरा काठी टेकत जवळ आला, मला खालीवर बघितलं आणि म्हणाला, "जित्ता हाय की हे!"

एक चुलता म्हणाला, "शेंगा खातंय!"

गौरा कुणाकडं न बघता आत गेली. पिठाचा डबा वाजला. आतनं आवाज आला, "अवो, पीठ कुटं हाय? चार महिने काय खाल्लं तुमी?"

ती राहिली. एवढं सगळं होऊन राहिली.

मी दुसऱ्या दिवशी पडवीत गेलो तो कसा गेलो म्हणता! छाती काढून. सगळ्यांसमोर सांगितलं, "मास्तर, तुमच्या पुसण्यानं आज माझी सासू मेली असती. श्री पुसलंत तुमी!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाटीकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "पाटीवर श्री मी लिहीतच नाही रे. पुसायला लागतं. देवाला फडक्यानं कोण पुसणार? श्री सरळ कार्डावर घालतो मी." आणि फडकं बाजूला ठेवून, "मी तुला एक अक्षर जास्त नको म्हटलं. चूक माझी झाली."

त्या वेळी मी सांगायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं, 'मला दिसलं होतं.' मी सांगितलं नाही. माझा जय झाला होता ना! किती दिवसांनी झाला होता.

त्या संध्याकाळी तो आमच्या घरी आला आणि माझ्या सासूसासऱ्यांपुढं हात जोडून उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर, पोरगी तर आली." मग सगळे कानडीत सुरू झाले. वळसंगच्या माणसांना दोन्ही भाषा येतात, मला कानडी चार शब्दांपलीकडं कधी आली नाही. माझ्याच घरात मी भिंतीला टेकून बसलेला आणि ही सगळी हसतायत. गौरा हसत होती. माझ्या घरात ती अशी हसलेली मी पहिल्यांदा बघितली. त्यानं तिच्या हातच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिला 'तंगी' म्हणाला, धाकटी बहीण. ती त्याला अण्णा म्हणायला लागली.

पुढची सात-आठ वर्षं मी जळलो. सणावाराला त्याच्यासाठी शेंगाचटणी जायची. नवं कालवण केलं की, "अण्णांना वाटीभर द्या की." कुणी बाई रुसून माहेरी गेली की हिचं सुरू, "आमच्या वेळेला अण्णांनी तीन ओळी लिवल्या, बघा." तीन ओळी, तीन ओळी. मी तिला एकूण सहा पत्रं लिहिली असतील आयुष्यात, एकाची ओळ तिच्या तोंडून निघाली नाही. माझ्या मनात एकच खिळा, की माझी बायको माझ्या शब्दानं आलीच नाही. आली ती त्याच्या शब्दानं, नाहीतर माझ्या मरणाच्या भीतीनं. दोन्हीत मी कुठं?

आणि पडवीत रोज आणखी एक. त्या दिवसापासून त्यानं रीत बदलली. गिऱ्हाईक बसलं की आधी कार्ड काढायचा, त्याच्यावर श्री घालायचा, बाजूला ठेवायचा आणि मग पाटी. कुणी विचारलं तर सांगायचा, "माझ्या हातनं एकदा चूक झाली. एका म्हातारीला रडवली मी." नव्या माणसाला तर न विचारता सांगायचा. मी दोन हातांवर बसून ऐकायचो. मी माझ्या गिऱ्हाइकाचा मायना आणखी मोठ्यानं म्हणायचो, त्याचं ऐकू येऊ नये म्हणून.

एक मात्र कबूल करतो. चोरून मीही पुसायला शिकलो. घरी कागदाच्या पाठीमागं लिहायचं, खोडायचं. सीता-दमयंती कमी झाल्या. मायना मात्र मला सोडता आला नाही. हुसेनबीला वाचून दाखवण्याएवढा मी कधी खाली आलो नाही.

मग त्याचे डोळे गेले. आधी ओळी वाकड्या यायला लागल्या, मग दोन ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. एके दिवशी कोरी पाटीच पुसत बसला होता. हुसेनबी म्हणाली, "मास्तर, उसपे कुछ नै है." तो म्हणाला, "ठाऊक हाय," आणि पुसत राहिला. त्या हप्त्यात त्याचा पुतण्या गावाकडनं न्यायला आला.

गौरानं पहाटेपासून भाकऱ्या थापल्या. मी म्हटलं, पडवीत काम आहे. म्हणाली, "चला मुकाट्यानं." अक्कलकोटाकडं जाणारी मोटार उभी होती. पुतण्या टपावर वळकटी बांधत होता. चन्नाप्पा खिडकीशी बसलेला, तोच कोट, बाहीवरची पांढरी पूड आता कोटाच्या रंगातच मुरलेली. डोळ्यांत दोन पांढरे ठिपके. गौरानं भाकरीचं गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. दोघं कानडीत बोलायला लागले. तो काहीतरी म्हणाला, ती हसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली.

माझं डोकं फिरलं. निघायच्या वेळीसुद्धा हे! मी तिला बाजूला घेतलं. "काय म्हणाला?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर हसायला काय झालं?"

"अण्णा म्हणले, त्या तीन ओळी माज्या न्हवत्या, तुझ्या नवऱ्याच्या तोंडातल्या हायती. रागानं बोलला, मी नुसतं बाकीचं पुसलं. मी म्हणलं, मला ठाऊक हाय."

"तुला ठाऊक? कधीपासनं?"

"कट्ट्यावर ऐकलं तवाच की. असं तोडून बोलायला तुमच्याबिगर कुणाला येतंय? अण्णा बोलले असते तर गोड बोलले असते."

"अगं मग आठ वर्षं अण्णांच्या तीन ओळी, अण्णांच्या तीन ओळी..."

"लिवल्या अण्णांनी. तुमी लिवल्या का? तुमी तर दमयंती लिवली."

मोटारवाला पुढं जाऊन हँडल फिरवायला लागला. एकदा, दोनदा. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. काय सांगायचं तेही ठाऊक होतं. श्रीचं मला दिसलं होतं, मास्तर. तुमची चूक नव्हती. मी खिडकीशी गेलो, गज धरला. पुतण्या आत बसला होता, दोनचार माणसं बघत होती, गौरा मागं उभी होती.

"मास्तर," मी म्हटलं, "आपण वडीलधारे, ज्ञानवृद्ध. आपल्या शेजारी इतकी वर्षं बसण्याचं भाग्य आम्हां पामरास लाभलं..."

इंजिन लागलं. सगळी मोटार थरथरायला लागली.

"आपले उपकार या जन्मी तर काय, सात जन्मी..."

त्यानं उजवा हात कानामागं धरला आणि मान वळवली, पण दुसरीकडं. पलीकडच्या खिडकीतनं क्लीनर ओरडत होता, त्याला वाटलं मी तिकडं आहे. "रंगा?" तो तिकडं तोंड करून म्हणाला. "काय म्हणतो? सांग की."

"सांगतो, मास्तर. एक गोष्ट सांगायची राहिली, ती अशी की, आपल्यासारख्या थोर पुरुषापुढं..."

मोटार हलली. माझ्या हातातनं गज सुटला. मी चार पावलं बरोबर चाललो, मग ती पुढं गेली. नाक्यापाशी वळेपर्यंत तो दिसत होता. तोंड क्लीनरकडं, हात कानामागं. तो अजून ऐकत होता.